ग्वाल्हेरचा कंपू, बेळगावचा कॅम्प

ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागात कंपू नावाचा एक मोठा मोहल्ला आहे. रिक्षावाल्याला 'कंपू' एवढेच म्हटले की तो पुढे काही न विचारता निघतो. त्याच्या लेखी ते नुसते एक नाव, आपल्याला शहापूर किंवा टिळकवाडी असावी तसे. मराठी माणूस मात्र ती पाटी वाचून थबकतो. कंपू म्हणजे आपल्याकडे टोळके. साहित्यातला कंपू, राजकारणातला कंपू, कचेरीतल्या चार डोक्यांचा कंपू. त्यातून कंपूशाही, कंपूबाजी हे शब्द निघाले. अख्ख्या वस्तीला कोणी टोळके का म्हणावे?

म्हटले ते आपल्याच माणसांनी, आणि शिवी म्हणून नव्हे. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ निराळा होता. हा कंपू म्हणजे इंग्रजी 'कॅम्प'चा मराठी अवतार. तोच कॅम्प, जो बेळगावात आहे, पुण्यात आहे, देवळालीत आहे, मालेगावात आहे. एकच शब्द आपल्या भाषेत दोनदा आला. एकदा शिंद्यांच्या फौजेबरोबर, एकदा इंग्रजांच्या. पहिल्या खेपेला त्याचा कंपू झाला, दुसऱ्या खेपेला तो कॅम्पच राहिला.

भाषा पुरवणी म्हटली की इंग्रजी शब्दांच्या आक्रमणावर लेख येणारच. आम्हा सीमाभागातल्या माणसांना तर आक्रमण हा शब्द शिकवावा लागत नाही. पण सरसकट सगळ्या इंग्रजी शब्दांना नावे ठेवण्यापेक्षा एकाच शब्दाची कुळकथा नीट पाहिली तर कोणते येणे धोक्याचे आणि कोणते नाही, हे अधिक स्पष्ट होईल, असे आम्हाला वाटते. त्यासाठी हा शब्द निवडला आहे.

शेतातून फौजेत

कॅम्पचे मूळ लॅटिन 'कांपुस' या शब्दात आहे. कांपुस म्हणजे मोकळे मैदान, शेत, माळ. रोमन सैनिक मैदानात कवायत करीत, तिथेच तळ देत. म्हणून मैदानाचे नाव तळाला मिळाले. इटालियनमध्ये त्याचे 'कांपो' झाले, फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात तो इंग्रजीत 'कॅम्प' होऊन पोचला. त्याची भावंडे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. विद्यापीठाच्या आवाराला आपण कॅम्पस म्हणतो. तो कांपुसच, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या शिक्षणसंस्थेने अठराव्या शतकात आवारासाठी वापरलेला. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. मैदानावरची मोहीम ती कँपेन. आज निवडणुकीतही तीच चालते. पोर्तुगीजांनी आपला 'कांपु' गोव्यात आणला. पणजीचे कांपाल हे नाव त्याच घराण्यातले.

म्हणजे इंग्रजीलाही हा शब्द घरचा नव्हे. तोही आणलेलाच, तोही फौजांच्या पायांनी आलेला. परका शब्द घेतला म्हणून इंग्रजी लहान झाली नाही, हे प्रथम लक्षात ठेवू.

महादजींचा कंपू

आता हा शब्द मराठीत कसा उतरला ते पाहू. १७८४ साली महादजी शिंद्यांनी सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावच्या बेन्वा द बॉयन या सरदाराला चाकरीस ठेवले. आपल्या जुन्या इतिहासग्रंथांत तो डी बॉईन म्हणून भेटतो. त्याने आरंभी दोन पलटणी उभ्या केल्या. पुढे त्या वाढत गेल्या. पायदळाच्या अनेक पलटणी, त्यांच्या तोफा आणि थोडे घोडदळ मिळून एक पुरा तुकडा होई, आणि त्या सबंध तुकड्याला कंपू म्हणत. हिंदुस्थानात रुजलेल्या परभाषिक शब्दांचा यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. त्यात कंपूची स्वतंत्र नोंद आहे. तो शब्द इंग्रजी कॅम्पपासून, किंवा अधिक नेमके म्हणजे पोर्तुगीज कांपुपासून आला, आणि मराठ्यांच्या चाकरीतल्या, युरोपी अंमलदारांच्या हाताखालच्या कवायती फौजांना तो खास करून लावला जाई, असे ते सांगतात. शेवटचा दीर्घ उकार पाहिला की पोर्तुगीज उच्चाराचा संशय आम्हालाही येतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत कॅम्प म्हणजे जागा. मराठीत कंपू झाला तो माणसांचा समूह. तळाचे नाव तळावरच्या फौजेला लागले. परका शब्द आपण जसाच्या तसा ठेवला नाही, त्याला आपल्याला हवा तो अर्थ दिला. पलटण, कप्तान, बिगुल, कंपू ही सगळी एका खेपेची पाखरे, आणि ती मोडीत लिहिलेल्या कागदांत निमूट बसली. त्या काळी मराठीला दिल्लीपासून काम होते. पगाराच्या याद्या, रसदेचे हिशेब, मोहिमेची बातमीपत्रे मराठीत लिहायची होती. लिहिणाऱ्या कारकुनाला शब्द परका की घरचा हे पाहायला सवड नव्हती. त्याला तो वाकवून, विभक्ती लावून, ओळीत बसवायचा होता. 'कंपूस', 'कंपूचा', 'कंपूत' असे तो बसवतच गेला.

१७९० साली पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया याच कंपूंनी मारल्या. पण १७९३ साली लाखेरीला हे कंपू ज्यांच्यावर चालून गेले ते होते तुकोजी होळकरांचे सैन्य. दोन्हीकडे मराठी दौलती, दोन्हीकडे कवायती पलटणी. कंपू शब्दाला आज जो कडवट वास येतो, त्याचे बीज अशा प्रसंगांत असावे असा आमचा तर्क आहे. कंपू ही फौजेतली वेगळी फौज होती. तिचा खर्च तिच्या सेनापतीला तोडून दिलेल्या मुलखातून चाले, तिचा हुकूम त्याच्या तोंडून निघे. सेनापती कुठे जाईल तिकडे कंपू जाणार, ही त्यात धास्ती होती. ती खरी ठरली. १७९५ अखेर द बॉयन चाकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला पेराँ १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि कित्येक गोरे अंमलदारही निघून गेले. सैनिक मात्र गेले नाहीत. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला ते आपल्या तोफांजवळ असे लढले की खुद्द लॉर्ड लेकने त्यांच्या शौर्याची तारीफ केली. कंपू फुटला तो वरून. खालचा शिपाई जागचा हलला नव्हता. टोळकी करणाऱ्यांनी हा इतिहास अधूनमधून वाचावा.

न उठलेला तळ

या पराभवानंतर महादजींचे वारस दौलतराव शिंदे काही वर्षे तंबूंतच फिरत राहिले. इंग्रज रेसिडेंटाच्या रखवालदार तुकडीचा अंमलदार टॉमस ब्राऊटन हा १८०९ साली त्यांच्या छावणीबरोबर होता. त्या वेळी लिहिलेली त्याची पत्रे १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली; नावातच 'मराठ्यांच्या छावणीतून' असे आहे. छावणी एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे पडली तरी बाजारांची मांडणी तीच राही, आपले दुकान, आपला तंबू कुठे हे ज्याचे त्याला ठाऊक असे, हे त्याने नोंदले आहे. पुढे जाऊन जागा आखणारा तो बिनीवाला. बिनीचा शिलेदार हा शब्दप्रयोग आपण आज व्याख्यानांत उधळतो, तो या तळावरचा.

१८१० साली हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, आणि मग उठलाच नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या, बाजारपेठा पक्क्या झाल्या, आणि शहराचे नाव पडले लश्कर. लश्कर हा शब्द फारसी. आपण तो लष्कर असा लिहितो, आणि पुण्यात कॅम्पला लष्कर म्हणतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले, तरी लष्कर राहिला तो राहिलाच.

या लश्कर शहराचा नकाशा म्हणजे तळ या कल्पनेचा जणू शब्दकोशच. कंपू आहेच. 'शिंदे की छावनी' नावाचा भाग आहे. 'चिटनिस की गोठ', 'निंबालकर की गोठ' अशी वस्त्यांची नावे आहेत. ही गोठ म्हणजे गुरांचा गोठा नव्हे. आपला मराठी 'गोट' तो. गोट म्हणजे सरदाराच्या माणसांचा तळ. साताऱ्यात रामाचा गोट आहे, तोच हा. हिंदी बोलणाऱ्या जिभेवर 'ट'चा 'ठ' झाला, आणि चिटणीस आणि निंबाळकर यांची राहुट्यांची ओळ गल्लीचे नाव होऊन बसली. फारसी लश्कर, पोर्तुगीज-इंग्रजी कंपू, देशी छावणी आणि मराठी गोट, चारही शब्दांचा अर्थ तळ, आणि चारही एका शहरात हाकेच्या अंतरावर नांदत आहेत.

दुसरी खेप

शिंद्यांचा तळ शहर झाला, त्याच सुमारास इंग्रजांचे तळ आपल्या मुलखात पडू लागले. १८१७-१८ साली पेशवाई बुडाली. पुण्याच्या पूर्वेला इंग्रजी पलटणींची वसाहत झाली. बेळगावचा किल्ला १८१८ साली पडला आणि इथेही कँटोनमेंट आली. नगर, देवळाली, मालेगाव, सातारा, दापोली, जिथे पलटण राहिली तिथे गावाच्या शेजारी कॅम्प उभा राहिला. या वेळी शब्द आपण आणला नव्हता, तो आपल्यावर येऊन बसला होता. तो कागदावर इंग्रजीतच लिहिला जाई. त्याला वाकवण्याचे काम मराठी कारकुनाकडे नव्हते. म्हणून त्याचा पुन्हा कंपू झाला नाही.

तरीही लोकांनी तो स्वस्थ बसू दिला नाही. गेल्या दोनशे वर्षांत त्याला मराठीत किती कामे लागली, याची ही एक धावती यादी.

कलेक्टर थंडीत तंबू घेऊन तालुक्यातालुक्यांत फिरत, तो कॅम्प. तंबू गेले, पण साहेब दौऱ्यावर असले की कचेरीत 'साहेब कॅम्पवर आहेत' हे उत्तर राहिले, आणि दौऱ्यावरून सुटणाऱ्या पत्रावर गावाच्या नावाआधी 'कॅम्प' लागत राहिला. कॉलेजातल्या मुलांचा एन.सी.सी.चा कॅम्प. गिर्यारोहकांचा बेस कॅम्प. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा कॅम्प. मुंबईत चाळ पाडली की भाडेकरूंना ज्यात नेऊन ठेवतात तो ट्रान्झिट कॅम्प. नाव तात्पुरत्या सोयीचे, पण त्यात पुष्कळांचे आयुष्य सरते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आणून ठेवले. तो कल्याण कॅम्प. १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले, तरी एक ते पाच या कॅम्पांच्या आकड्यांनीच तिथले पत्ते आजही सांगतात.

आपल्या शेजारीही पाहा. उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत १९६० च्या दशकात झाली. तिथली गावे कॅम्प नंबर अमुक अशीच ओळखली जातात. तुंगभद्रेच्या कालव्याखाली सिंधनूर, गंगावती या तालुक्यांत आंध्रातून शेती करायला आलेल्यांच्या वस्त्या आहेत, त्यांच्याही नावांपुढे कॅम्प लागतो. मूळ लॅटिनमध्ये शेत हा अर्थ होता. दोन हजार वर्षे फौजेत काढून शब्द पुन्हा शेतात आला.

इंग्रजीत कॅम्पचा आणखी एक अर्थ आहे, मुद्दाम अतिरेक केलेल्या नटव्या थाटाचा. सुझान सोंटाग या अमेरिकन लेखिकेचा त्यावरचा निबंध १९६४ सालचा, आणि तो तिकडे गाजला. हा अर्थ मराठी बोलण्यात उतरला नाही. आपल्याकडे नाटकी आहे, नखरेल आहे, थिल्लर आहे. गरज नव्हती, म्हणून अर्थ आला नाही. भाषा डोळे मिटून घेते असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे.

भाऊबंदांची वाटणी

कॅम्प आल्यामुळे आपले शब्द मेले काय? आम्ही तपासून पाहिले, तर उलटेच दिसते. त्यांनी कामे वाटून घेतली.

छावणी हा शब्द छावणे, म्हणजे छप्पर घालणे, यातला. पावसाळ्यात मोहीम थांबे, फौज छपरे घालून राही, ती छावणी. आज ती सैनिकांची राहिली, आणि दुष्काळात गुरांची झाली. चारा छावणीला कोणी चारा कॅम्प म्हणत नाही. बोअर युद्धात इंग्रजांनी आणि पुढे नाझी जर्मनीने जे कॅम्प उभारले, त्यांना मराठीने छळछावणी हा शब्द घडवला. मूळ इंग्रजी नावात लोकांना एकत्र कोंबणे एवढेच आहे. छळाचे नाव मराठीने घेतले. या एका शब्दासाठी तो घडवणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो.

शिबिर संस्कृतातून आले. त्याचाही मूळ अर्थ फौजेचा तळ. पण आज शिबिर म्हणजे स्वेच्छेने जमलेल्यांचे काम. रक्तदान शिबिर, श्रमदान शिबिर, संस्कार शिबिर. शिबिरात आपण होऊन जातात. कॅम्पात ठेवतात. छावणीत राहावे लागते. गोट राजकारणाने उचलला. अमक्या गोटात खळबळ, तमक्या गोटातून बातमी. तळ विमानांना आणि सर्कशीला दिला. आणि कंपूला मिळाले टोळके.

लिंगेही पाहा. कॅम्प, कंपू, गोट, तळ हे पुल्लिंगी, छावणी स्त्रीलिंगी, शिबिर नपुंसकलिंगी. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीने तिन्ही लिंगांत आणि सहा घरांत विभागला. कन्नड बोलणारे आपले शेजारी शेवटी उकार लावून 'क्यांपु' म्हणतात तेव्हा महादजींच्या कंपूची आठवण होते. परका शब्द घरात घ्यायची दोघांची रीत इतकी सारखी आहे, हे भांडणाच्या दिवसांतही विसरण्यासारखे नाही.

कॅम्प कोणाला काय

शब्दाचा अर्थ कोशात एक असतो, जगणाऱ्याला दुसरा. पेशवाईच्या आठवणी काढणाऱ्या पुणेकराला कॅम्प म्हणजे हरलेल्या लढाईची खूण. महादजी शिंदे १७९४ साली वानवडीला वारले. त्यांची छत्री आज ज्या परिसरात आहे तो लष्करी वसाहतीने वेढलेला आहे. एका कंपूचा धनी दुसऱ्या कॅम्पात निजला आहे.

पण हाच कॅम्प कोणाला दाराची फट वाटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आले, जिला कॅम्प दापोलीच म्हणत, आणि तिथून साताऱ्याला. गावात ज्यांना पाणवठा बंद होता, त्यांना पलटणीत पगार, पेन्शन आणि पोरांना अक्षरओळख मिळत होती. इंग्रजांनी ते उपकार म्हणून केले नाही, आणि पुढे महारांची भरती बंदही केली. तरीही कॅम्प शब्दाचा जो अर्थ रामजी सुभेदारांच्या घरी होता, तो शनिवार-नारायण पेठांत नव्हता. मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पातून अण्णाभाऊ साठ्यांची शाहिरी उठली, तेव्हा कॅम्पचा आणखी एक अर्थ मराठीला मिळाला. शब्द परका म्हणून हाकलायचा म्हटले तर त्याच्याबरोबर ही माणसेही आपल्या भाषेतून बाहेर जातील. हे कोणाला चालेल?

सामान्यरूपाची कसोटी

मग परक्या शब्दाने काही बिघडतच नाही काय? बिघडते. कुठे बिघडते ते ओळखायला आमच्याकडे एक घरगुती कसोटी आहे, आणि ती व्याकरणातली आहे.

मराठीत शब्द खरा आपला झाला, की त्याला प्रत्यय लागण्याआधी तो वाकतो. त्याला सामान्यरूप म्हणतात. कोर्ट आले आणि 'कोर्टात' झाले, टेबल आले आणि 'टेबलावर' झाले. जुना पुणेकर 'कॅम्पात जाऊन येतो' म्हणतो. बेळगावच्या बाजारात जुनी माणसे आजही 'कॅम्पात' म्हणतात. नवी पिढी 'कॅम्पमध्ये' म्हणते, 'कॅम्पला' म्हणते. फरक बारीक आहे. 'कॅम्पात' म्हणणाऱ्याने शब्द आपल्या साच्यात घातला. 'कॅम्पमध्ये' म्हणणाऱ्याने तो पाहुण्यासारखा पाटावर बसवला आणि प्रत्यय लांबून वाढला. मोबाईलवर, ऑफिसमध्ये, शॉपिंगला असे पाहुणे रोज येत आहेत. त्यांची संख्या वाढली म्हणून आम्हाला चिंता नाही. त्यांना वाकवण्याची आपली सवय सुटली, याची आहे.

सवय का सुटते? महादजींच्या कारकुनाला शब्द वाकवावा लागला, कारण त्याला मराठीतच हुकूम लिहायचा होता. ज्या भाषेत हुकूम, हिशेब, करार, निवाडा लिहायचा असतो, ती शब्दांना वाकवते. ज्या भाषेला ही कामे राहत नाहीत, ती पाहुण्यांपुढे नुसती उभी राहते.

एका दिवसाची दोन शहरे

इथे ग्वाल्हेर आणि बेळगाव एकमेकांसमोर येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आपण तो दिवस काळा दिवस म्हणून पाळत आलो. त्याच दिवशी ग्वाल्हेर मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. तिथे कोणी निषेध करण्याचे कारण नव्हते. मराठी तिथे दरबाराबरोबर आलेली होती, भोवतालचा मुलूख हिंदीचा होता, आणि हिंदीत कारभार चालणे तिथल्या रयतेचा हक्कच होता. हे आम्ही मनापासून मानतो, कारण आपली मागणीही त्याच न्यायावर उभी आहे.

पण परिणाम पाहण्यासारखा आहे. ग्वाल्हेरची मराठी मेली नाही. भास्कर रामचंद्र तांब्यांसारखा कवी त्या संस्थानाचा राजकवी होता. त्या शहराचे गाणे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेत परतले, आणि त्यांच्याकडे कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. आपल्या या पट्ट्यातला ख्याल ग्वाल्हेरचा आहे. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा झाल्या. संमेलनाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाची परंपरा आहे. गणपती बसतात. घराघरांत मराठी बोलतात.

तरी पाट्यांवर 'निंबालकर की गोठ' आहे. 'निंबाळकर'चा 'ळ' गेला, 'चा'चा 'की' झाला, गोटाची गोठ झाली. कंपूचा अर्थ विचारला तर नाव आहे एवढेच उत्तर मिळते. यात कोणी जुलूम केलेला नाही. भाषेकडे देवघर राहिले, स्वयंपाकघर राहिले, गाणे राहिले, पण कचेरी, बाजार आणि शाळा राहिली नाही. तेव्हा तिने एकेकाळी घडवलेले शब्दही तिच्या हातून निसटून नुसत्या खुणा झाल्या. शब्द जागेवर आहेत, त्यांना ओळखणारा उरला नाही.

बेळगावची गोष्ट निराळी आहे. इथे मराठी दरबाराबरोबर आलेली नाही. ती शेतात आहे, हातमागावर आहे, आठवड्याच्या बाजारात आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच गावात. पण ग्वाल्हेरचा वळसा आपल्याला लागणारच नाही, असे कोणी समजू नये. पोर मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालणारे आपणच, दुकानाचे बिल इंग्रजीत फाडणारे आपणच, सोसायटीच्या सभेचा वृत्तांत मराठीत लिहायला आळस करणारेही आपणच. सरकारी पाटीवर मराठी हवी ही मागणी न्याय्यच आहे. ती करताना आपल्या वहीतली, पावतीतली, नोटिशीतली मराठी आपणच पुसत असू, तर पाटी मिळूनही ती एक दिवस कंपूच्या पाटीसारखी वाचावी लागेल.

आणि कंपूचा दुसरा अर्थही आपल्याला चुकलेला नाही. भाषेच्या नावाने उभ्या राहिलेल्या आपल्या चळवळीतही गट पडले, गटांचे उपगट झाले. प्रत्येक गोटाला दुसरा गोट फितूर वाटला. खाली सभेला येणारा शेतकरी, हमाल, विणकर मात्र वर्षानुवर्षे तोच राहिला, लासवारीच्या शिपायासारखा जागच्या जागी. एका परक्या शब्दाला आपण 'टोळके' हा अर्थ दिला, तो अनुभवातूनच दिला असणार.

तेव्हा कॅम्प शब्द राहू द्या. त्याने आपले काही नेलेले नाही, उलट छळछावणीपासून शिबिरापर्यंत आपल्या शब्दांना नेमकी कामे लावून दिली. फक्त कॅम्पात जाताना 'कॅम्पात' म्हणा. परत आल्यावर हिशेब मराठीत लिहा. आणि कोणी एखाद्या कंपूत ओढू लागला, तर त्या शब्दाचे मूळ त्याला समजावून सांगा.